हत्यार द्यावे की नाही

माझी बायको पोलिसात हवालदार आहे. गेल्या वर्षी अकोल्यातल्या एका बंदोबस्तात जमावाने तिच्या शेजारच्या शिपायाला दगडांनी मारले. तो वाचला, एक डोळा गेला. हिला खरचटलेही नाही. तरी महिनाभराने साहेबांनी तिची बंदूक जमा करून घेतली आणि मनाची तपासणी करून यायला अमरावतीला पाठवले. डॉक्टरांनी योग्य ठरवले तरच पुन्हा हत्यार आणि बंदोबस्त, नाहीतर टेबलाचे काम. ते तिच्या लेखी घरी बसण्यासारखेच.

आम्ही या तपासणीची तयारी तिच्या खात्याच्या परीक्षेसारखी केली. बसमध्ये मी विचारायचे, तिने सांगायचे.

"झोप?"

"शांत लागते. सहा तास."

"सात म्हण. सहा कमी वाटतात."

"झोपेचंबी गणित मांडून राहिले का तुमी?" ती हसली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिचे सगळे पाठ झाले होते.

घरच्या माणसालाही आत बोलावतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. डॉक्टरबाईंनी आधी तिला तपासले, मग मला एकट्याला बोलावले.

"त्यांची झोप कशी आहे?"

"शांत लागते. सात तास."

बाईंनी पेन खाली ठेवले. "त्याही अगदी हेच म्हणाल्या. पाठ करून आलात का?"

मी बंद दाराकडे बघितले.

"उद्या त्यांच्या हातात भरलेली बंदूक असेल आणि समोर गर्दी. तुम्ही घरात काय बघितलं, तेवढंच सांगा."

बघितले होते ते असे. कुकरची शिट्टी झाली आणि तिने आमच्या मुलीला मानेला धरून ओट्याखाली दाबले. पोरगी ओरडत होती, ही सोडत नव्हती. बोटांचे वळ दोन दिवस राहिले. तेव्हापासून आम्ही वरण पातेल्यात शिजवतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. गर्दीत एखादा फटाका वाजला तर, हा विचार मी रोज सुरू करायचो आणि अर्ध्यात सोडायचो. त्या खोलीत तो सोडता येईना. सांगितले तर हिची बंदूक जाणार, नाही सांगितले तर कुणाचा तरी जीव.

मी सांगितले. तूर्त हत्यार नको, उपचार घ्यावेत, मग पुन्हा तपासणी, असा निकाल झाला.

बसस्टँडवर तिने विचारले, "काय सांगतलं तुमी?"

"कुकरचं."

"पोरीचंबी?"

"हो."

"मी जबाब घेते तवा चोराची बायकोबी एवढं सांगत नाही," ती म्हणाली आणि गाडीत वेगळ्या बाकावर जाऊन बसली.

आता ती गोळ्या वेळेवर घेते. माझ्यासमोर फार नीट वागते. दार जोरात आपटले तरी सावकाश मान वळवते, मुलीशी हसून बोलते. मी स्वयंपाकघरात पाय ठेवला की तिचे हात पदराखाली जातात. पुढच्या तपासणीत डॉक्टरबाई मला पुन्हा तेच विचारतील, आणि ती तर मला काही दिसूच देत नाही.