पऱ्हाटीवरची बुरशी

वाटणीत गोबरगॅसचा प्लँट माझ्याकडे आला आणि जनावरं मोठ्या भावाकडे गेली. प्लँट माझ्या अंगणात होता, गोठा त्याच्या. पंचांनी मधून रेघ मारली, ज्या बाजूला जे पडलं ते त्याचं झालं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातला तो पहिला प्लँट. विटांनी बांधलेला खड्डा, त्यात शेणाचा काला, वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. गॅस धरला की टाकी वर उचलली जाते. सहा जनावरांचं शेण धरून त्याचं माप ठरवलेलं होतं. माझ्याकडे एक गाय आणि एक कालवड. टाकी खाली बसली ती बसलीच.

घरात पुन्हा चूल पेटली. आमच्याकडे सरपण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. ती फुकट असते आणि धूर फार करते. रेशनचं रॉकेल कंदिलाला आणि चहाला पुरायचं. सिलिंडर तेव्हा शहरातही नंबर लावून मिळत नव्हते.

बायकोला दमा होता. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो. पण धूर बंद झाला नाही तर येती थंडी यांना जड जाईल." मी हो म्हटलं. परतताना एसटीत ती म्हणाली, "थंडीले चिठ्ठी टाका मंग. औंदा येऊ नको म्हणा." पुढच्या सीटवरची बाई हसली. मी हसलो की नाही ते आठवत नाही.

मी जिनिंगमध्ये काट्यावर होतो, येणारा कापूस वजन करून घ्यायचो. एका ग्रामीण प्रयोगकेंद्रातले सर तिथे पऱ्हाटीची चौकशी करत आले. पऱ्हाटीपासून गॅस होतो का, हा त्यांचा प्रयोग होता. नुसती पऱ्हाटी प्लँटमध्ये टाकली तर ती वर तरंगते, कुजत नाही. पण आधी तिच्यावर एक पांढरी बुरशी वाढवली तर ती लाकडाचा कठीण भाग खाते, काडी मऊ पडते, आणि मग शेणाबरोबर तिचाही गॅस धरतो. शेण थोडं असलं तरी चालतं. हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दिवाळी झाल्यावर त्यांनी माझ्या अंगणात एक ड्रम मांडून दिला.

डिझेलचा जुना ड्रम, बाजूला भोकं, मधोमध भोकं पाडलेला पाइप. पऱ्हाटीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, भिजवायचे, वाफ द्यायची, म्हणजे इतर बुरशा मरतात. गार झाले की बाटलीतली ज्वारी त्यात मिसळायची. ही ज्वारी उकडून तिच्यावर सरांनी बुरशी चढवलेली असायची, दाणा न् दाणा पांढरा. वर ओलं पोतं. सकाळ-संध्याकाळ सायकलच्या पंपाने पाइपातून हवा. सर या ड्रमला रिॲक्टर म्हणत. तो शब्द गावात पोचायला वेळ लागला नाही.

"काय गा," पारावरून एकाने हाक मारली, "घरी अणुबॉम्ब बनवून राह्यला म्हणते. गाव सोडून जाऊ का राहू?"

बायको ड्रमजवळ बसून पोतं ओलं करायची. "जन्म गेला पापडाले बुरशी येऊ नाई म्हून," ती म्हणायची, "अन आता तिले पाणी पाजून राह्यली मी."

पहिला ड्रम चांगला उतरला. काडी बोटांत चुरली जायची, वास ओल्या मातीसारखा. रोज थोडी थोडी शेणात कालवून प्लँटमध्ये घातली. आधी काहीच झालं नाही. मग टाकी हलली, वीतभर वर आली, आणखी थोडी आली. शेगडी निळी पेटली. दोन्ही वेळच्या भाकरी तिच्यावर व्हायला लागल्या. बायको रात्री आडवी होऊन झोपायला लागली, आधी ती भिंतीला टेकून बसायची.

पण प्लँटला रोज घालावं लागतं. पहिली काडी संपत आली तेव्हा ड्रममध्ये भरलेली दुसरी निम्म्याहून जास्त पांढरी झाली होती. अजून आठवडाभर लागला असता.

आई आमच्या दोघा भावांकडे महिन्याच्या पाळीने राहायची. त्या वेळी तिची पाळी माझ्याकडे लागली. आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणि बायको दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, फरक आहे, असंच चालू ठेवा.

संध्याकाळी परत आलो तर ड्रम रिकामा होता, धुऊन पालथा घातलेला. अंगणात चादर होती आणि चादरीवर थोड्या काड्या उरल्या होत्या. आधीचे दोन-तीन दिवस आभाळ होतं, त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. आभाळ गेलं की आमच्याकडे बायका तूर, चणा, वड्या, सगळ्याला ऊन दाखवतात. आईने ड्रमचं पोतं उचलून पाहिलं, आत बुरशी दिसली, आणि तिने जन्मभर जे केलं तेच केलं. काड्या चादरीवर पसरल्या, फडक्याने पुसल्या, वाळवल्या.

"पाह्य," ती म्हणाली, "झाकून ठेवलं तं बुरशी येईनच. एक एक काडी पुसली मी. पाठ गेली माही." मग सुनेकडे वळली. "तुह्यासाठी पाणी तापवलं व त्याच्यावर. काय जळते बाप्पा, कापसावानी! जाय, आंग धुऊन घे, थकली असशीन."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. बायकोने माझ्या दंडाला हात लावला. ती म्हणाली, "बरं केलं माय." आणि आंघोळीला गेली.

नंतर मला म्हणाली, "मायले सांगू नका. जीवाले लावून घेतीन."

मी सांगितलं नाही. चादर झटकून घडी केली.

सरांना निरोप दिला. ते म्हणाले, वाळली म्हणजे मेली. नवी ज्वारी करायला घेतो, पण आता थंडी वाढली आहे, बुरशी हळू चालेल. त्यांनी बाटली पाठवली. ड्रम पुन्हा भरला, पोत्यावर पोती घातली. बुरशी धरली, पण फार सावकाश. इकडे टाकी रोज थोडी खाली येत होती.

मी भावाकडे शेण मागायला गेलो. तो बैलांना कडबा टाकत होता.

"शेण पाह्यजे?" तो म्हणाला. "उकिरडा वाटला तवा टेप कोन धरली होती रे बाबू? तूच ना?"

"मीच."

"अन बोटभर इकडं सरकली तं सरळ करून घेतली."

"हो."

तो कडबा टाकत राहिला. वहिनी आतून म्हणाली, "देऊन टाका नं जी. तिचा खोकला इथवर आयकू येते."

"नाई कोन म्हनते?" तो म्हणाला. "टोपलं घेऊन येजो सकाळी. रोज नेजो."

तेव्हापासून रोज टोपलं आणलं. पण थंडीत शेणाचाही गॅस लवकर धरत नाही. आज घातलेलं आज पेटत नाही, हे मला माहीत होतं. शेवटी टाकी तळाला टेकली आणि चूल पेटवली. आई स्वयंपाक करते म्हणाली, पण घर दोन खणांचं. धूर सगळीकडे सारखाच जायचा.

पौषात बायकोला दवाखान्यात ठेवलं. मी वऱ्हांड्यात बसायचो. बुरशी किती वर चढली, टाकी हलली का, हे ती रोज विचारायची. मी काय असेल ते सांगायचो. वाढवून सांगितलं नाही. एका सकाळी मी चहा घेऊन आलो तेव्हा नर्सने खाट पडद्याआड घेतली होती.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. लोक येत होते, जात होते. भाऊ सगळं पाहत होता. सकाळी उठून मी ड्रमला हवा भरायचो, टोपलं आणायचो, काला करून घालायचो. करू नको असं कोणी म्हटलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. तेरवी भावाच्या घरी झाली.

त्यानंतर थंडी जरा कमी झाली आणि टाकी वर आली. बुरशीची काडी आणि भावाचं शेण, दोन्ही एकदमच लागू पडलं. प्लँट नवा होता तेव्हाही ती इतकी वर आली नव्हती. गॅस मावेना, कडेने बुडबुडे निघायला लागले, अंगणात वास सुटला. असा गॅस सोडून देऊ नये, जाळून टाकावा. मी आत जाऊन शेगडी पेटवली. वर ठेवायला काही नव्हतं म्हणून पातेल्यात पाणी ठेवलं.

आईची पाळी संपली होती, पण ती गेली नव्हती. ती येऊन शेगडीसमोर बसली. वाटणीआधीही गॅसवर सुनाच स्वयंपाक करायच्या, ती कधी त्या शेगडीसमोर बसली नव्हती. बराच वेळ ती जाळाकडे पाहत होती.

"याले धूर नाई रे."

"नाही."

"जराबी नाई."

"नाही, माय."

"मंग हे पह्यले काऊन नाई पेटवलं?"

पाणी उकळायला लागलं होतं. मी पातेलं उतरवलं.

"गॅस नव्हता," मी म्हणालो.

ते खरंच होतं. ती आणखी काही विचारणार असं वाटलं, पण तिने परात ओढली आणि त्यात पीठ घेतलं. मी तवा आणून शेगडीवर ठेवला.