पायलचं कासव

हे मी माझ्या मालकांनाही सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. वहीत लिहिते आहे, कारण तोंडाने बोलायला गेले की माझा आवाजच निघत नाही.

भातकुलीजवळच्या एका खेड्यात, शाळेत मी खिचडी शिजवते. माझं शिक्षण चौथी. पण चौथी पास होऊन तीस वर्षं झाली होती आणि वाचणं सुटून गेलं होतं. जोडाक्षर आलं की मी अडायची. आमच्या मॅडम अकोटच्या. त्यांनी एकदा विचारलं, "मावशी, वाचता येतं ना तुम्हाला?" मी म्हणाले, "हो." खोट्याची सुरुवात तिथेच झाली, असं आता वाटतं.

मॅडमकडे दोन वर्ग. त्यांनी मुलांसाठी इंटरनेटवरच्या फुकटच्या वेबसाइट शोधल्या होत्या. एकीवर गोष्टी ऐकू यायच्या, एकीवर गणितं. तिसरीवर वाचनाचे धडे होते. अक्षराला बोट लावलं की ते बोलायचं. चुकलं तरी रागवायचं नाही, पुन्हा विचारायचं. तिथे प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक चित्र होतं. कोणाचा मोर, कोणाचा ससा. चित्र दाबलं की त्या मुलाचा धडा उघडायचा. मुलांनी घरच्या मोबाइलवरही करावं, असं मॅडमनी पालकांना सांगितलं होतं.

शाळेतले टॅब दुपारी चार्जिंगला माझ्या स्वयंपाकाच्या खोलीत यायचे. प्लग लावायचं चांगलं बटन तिथेच होतं.

भांडी घासून झाली की मी दार लोटायची — आणि आवाज बारीक करून टॅब कानाशी धरायची. मोर, ससा सगळे पुढे गेलेले. मला पहिल्यापासून हवं होतं. एकच चित्र पहिल्या पायरीवर बसलेलं होतं. कासव. ते पायलचं. तिसरीतली पोरगी, वाचनात सगळ्यांच्या मागे. मी कासव दाबलं.

चोरी म्हणतात का याला? तेव्हा मला तसं वाटलं नाही. काही जात तर नव्हतं कोणाचं — असंच वाटायचं. दोन महिन्यांत कासव वरच्या पायरीवर गेलं. मीही गेले. तेलाच्या पिशवीवरचं वाचायला लागले.

धडा पुरा झाला की नावापुढे चांदणी यायची; मॅडमना तिकडे पायलच्या नावापुढे चांदण्या दिसत होत्या. त्यांना वाटलं, पोरगी घरी करते. त्या खूश झाल्या. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना त्या एक तास जास्तीचं शिकवायच्या. त्यातून त्यांनी पायलला काढलं, तिच्या जागी दुसऱ्या मुलीला घेतलं.

हे मला माहीत होतं. त्या तासाला मुलं आत गेली की पायल दप्तर घेऊन माझ्या दारावरून घरी जायची. मी तिला जाताना बघायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कासव दाबायची.

मग केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. मॅडमनी कौतुकाने पायललाच उभं केलं. पुस्तक हातात दिलं. मी ताटं मांडत होते, दार उघडंच होतं. पायल पुस्तकाकडे बघत राहिली. एक शब्द नाही. साहेब मॅडमकडे बघून हसले. ते गेल्यावर मॅडमनी विचारलं, "काहून गं पायल, घरी कोन करून देते तुले?"

"मी नाई केलं, मॅडम."

"मंग काय कासवानं केलं?" मागून एक पोरगी म्हणाली. सगळा वर्ग हसला.

पायल खरं बोलली होती. पण तिचं खरं तिच्यावरच उलटलं. मॅडमनी तिच्या बापाला बोलावून सांगितलं, पोरीला करून देऊ नका. त्याने तिला शाळेच्या फाटकातच चापट मारली. मी चार पावलांवर होते, हातात खिचडीचा डाव.

बोलले असते तर काय झालं असतं? मला कामावरून काढलं नसतं. मॅडम त्यातल्या नव्हत्या. उलट मलाही शिकवलं असतं. पण मग सगळ्यांना कळलं असतं की या बाईला वाचता येत नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी मी गप्प बसले.

पायलला त्या तासाला पुन्हा घेतलं नाही. मॅडमचा तिच्यावरचा विश्वास गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्या माझ्या पाया पडल्या. मी आशीर्वाद दिला. पायलने सातवीनंतर शाळा सोडली, आईबरोबर कापूस वेचायला जाते.

आणि मी? हे जे लिहिते आहे, ते तिच्या नावावर शिकलेलं आहे.

मागच्या आठवड्यात ती भातकुलीच्या स्टँडवर भेटली. उंच झाली आहे. मला बघून हसली, जवळ आली. एसटी लागली होती.

"मावशी, हे अमरावतीची होय का?"

पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती. मी वाचली. म्हटलं, हो, हीच.