माझ्या मामेबहिणीची चिनी

माझ्या मामेबहिणीला एखाद्या गोष्टीचा नाद लागला, की आधी त्या गोष्टीची दया येते, मग तिच्या आईवडिलांची, आणि सरतेशेवटी आपली स्वतःची. शाळेत असताना तिनं कुठंतरी वाचलं, की उलटं चालल्यानं गुडघे सुधारतात. तिचे गुडघे ठणठणीत होते. पण सुधारणेला कुठं सीमा असते? भिलाईतल्या वैशाली नगरातल्या घरापासून ती भाजीबाजारापर्यंत उलटी चालत गेली आणि थेट एका बाईच्या कोथिंबिरीच्या ढिगात जाऊन बसली. उठता उठता त्या बाईलाच म्हणाली, "गलती आपकी भी है, आप पीछे थीं।" बाईनं तिला एक शिवी आणि एक कोथिंबिरीची जुडी दिली. हिच्यावर लोकांना धड रागावताही येत नाही, ते असं.

चिनी भाषेचं खूळ शिरलं ते मोबाइलच्या चार्जरमधून. चार्जरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. बाकीच्यांनी खोकं फेकून दिलं असतं. हिला रात्रभर झोप आली नाही. कॉलेज चालू होतंच, त्याच्या जोडीला मोबाइलवर चिनीचे धडे सुरू झाले. त्या भाषेत म्हणे तोच शब्द वर चढवून म्हटला तर एक अर्थ, खाली आपटला तर दुसरा. हिला सूर काही जमेना, म्हणून तिनं मान कामाला लावली. आवाज चढवायचा तिथं हनुवटी वर, आपटायचा तिथं खाली. चिनी येईपर्यंत ही मान हिंदीतही शिरली. ऑटोवाल्याला "जुनवानी चलोगे?" विचारताना ती अशी काही हनुवटी उडवायची, की त्याला वाटायचं, पोरगी भांडायलाच आली आहे. शेजारच्या काकू मात्र हळहळल्या आणि स्वतःच्या मानेचा पट्टा घेऊन आल्या. मामी बिचारी आठवडाभर तिच्या मानेला बाम चोळत होती. ही मुकाट्यानं चोळून घेत होती आणि त्या तालावर शब्द पाठ करत होती.

माझे मामा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये. आयुष्य यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे ते कानात सांगायची गोष्टही तीन घरांना ऐकू जाईल अशी सांगतात. मूळ भंडाऱ्याकडचे. घरात त्यांची बोली तीच, "मले-तुले"ची. लेकीशी ते मराठीत बोलायचे आणि लेक उत्तर हिंदीत द्यायची. भिलाईतल्या आमच्या कितीतरी घरांत असंच चालतं, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. पण हिच्या बाबतीत त्यामागे एक दिवस होता. ती लहान असताना मामा शाळेतल्या पालकसभेला गेले आणि मॅडमना मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हमारी पोरगी घर पे बराबर अभ्यास करके राहिली!" वर्ग हसला. पुढं कितीतरी दिवस मुलं तिला "करके राहिली" म्हणून हाक मारत होती. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "पापा, अगली बार मम्मी आएगी।" मामा "बरं" म्हणाले. त्यानंतर ते तिच्या शाळेत कधीही गेले नाहीत, आणि तिच्या तोंडून घरात मराठी ऐकू आली नाही.

मग एका वर्षी तिला उन्हाळ्यात तैवानला जाऊन चिनी भाषा आणि संस्कृती शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. तिनं अर्ज केला होता हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. मामीनं आधी देव्हाऱ्यापुढं साखर ठेवली आणि मग रडायला बसली. मामा माझ्याकडे आले. मी वयानं मोठी, शिवाय शाळेत शिकवते, म्हणून घरातले अवघड प्रश्न माझ्याकडे येतात.

"बोलाले शिकाले इतक्या दूर कावून जा लागते व?" त्यांनी विचारलं. "घरातल्या मानसाशी बोलत नाही आन् चिनी मानसाशी बोलाले चालली."

मी म्हटलं, "मामा, नाही म्हणा मग."

"नाही कसा म्हनू? तिचं मन लागून राहिलं ना तिकडं," ते म्हणाले आणि चहा न घेता उठले. जायच्या दिवशी त्यांनी स्वतः कुटलेली जवसाची चटणी तिच्या बॅगेत भरली. ती म्हणाली, "पापा, वहाँ सब मिलता है।" मामा म्हणाले, "हे नाही भेटत."

ताइनान नावाच्या गावी तिची राहायची सोय एका म्हातारीच्या घरी झाली. खाली म्हातारीचं सोयाबीनच्या दह्यासारख्या गोड पदार्थाचं दुकान, वर हिची खोली. पहिल्याच दिवशी एका खानावळीत तिनं चहात घालायला साखर मागितली. साखरेला तिकडं म्हणतात 'थांग', पण सूर चढवून. सपाट म्हटलं की त्याचं सूप होतं. हिच्यापुढं वाफाळता वाडगा आला. परक्या देशात अन्नाचा अपमान नको म्हणून ती सूप प्यायली, आणि पुन्हा साखर मागितली. पुन्हा सूप आलं. तिसऱ्यांदा तिनं हनुवटी इतकी वर नेली, की मालकानं घाबरून पंखा बघितला. चहा ती शेवटी बिनसाखरेचाच प्यायली, म्हणजे जागा उरली होती तेवढा.

म्हातारीशी मात्र तिचं फार जमलं. सगळे तिला 'अमा' म्हणत, म्हणजे आजी. गंमत अशी, की अमाला शाळेतली चिनी धड येत नव्हती. ती बोलायची त्यांची घरची जुनी बोली, आणि त्या बोलीतलं हिला अक्षरही कळत नव्हतं. दोघी खाणाखुणांवर भागवत. अमाला जवसाची चटणी आवडली. ती भातावर घालून खायची आणि हिच्या पाठीवर थाप मारायची.

एके दुपारी अमाची कॉलेजात जाणारी नात मैत्रिणींना घेऊन दुकानात आली. अमा आनंदानं आपल्या बोलीत मोठमोठ्यानं काहीतरी सांगू लागली. मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या. नात लाल झाली आणि चिनीत हळूच म्हणाली, "अमा, नीट चिनीत बोल ना."  अमा फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसू लागली.

"ताई," माझ्या बहिणीनं मला नंतर सांगितलं, "उतने दिन में वो पहला पूरा सेंटेन्स था जो मुझे एकदम से समझ में आया। बिना सोचे। आणि मले... मले वाटलं, हे नसतं समजलं तर बरं झालं असतं."

ती वर खोलीत गेली आणि घरी फोन लावला. मामा पहिल्या पाळीवरून येऊन नुकतेच टेकले होते. पलीकडून आवाज आला, "बाबा, जेवले का?"

मामांनी फोन कानापासून दूर धरून नंबर बघितला. नंबर परदेशाचा होता. मग ते मामीवर ओरडले, "अव, पाह्य बरं हिले काय झालं! पोरगी मराठी बोलून राहिली! तब्येत खराब हाय वाटते!" मामी हातातलं पीठ तसंच ठेवून धावली. दोघांनी मिळून तिला ताप आहे का, पैसे चोरीला गेले का, कुणी काही बोललं का, असं सगळं विचारून घेतलं. तिकडं ती रडत होती आणि हसत होती. "काई नाई झालं," ती म्हणत राहिली, "असंच बोलून राहिली मी."

ती परत आली ती नवा नाद घेऊन. आता मराठीची दया येण्याची पाळी होती. मामा मिलमधून आले की ती दारातच त्यांना गाठायची: झाऱ्याला काय म्हणता, तिन्हीसांजेला काय म्हणता, तुमची आई रागावली की काय म्हणायची? शेवटचं उत्तर मामीनं सांगू दिलं नाही. तिची मराठी भयंकर होती. क्रियापदं हिंदी, मान चिनी, आणि "मले-तुले" एवढ्या ठसक्यात, की भंडाऱ्याचे लोकही दचकले असते. मामा तिला दुरुस्त करायचे. आयुष्यात पहिल्यांदाच घरात त्यांना कुणीतरी काही विचारत होतं, आणि मिलच्या बसमधून उतरल्यावर घरापर्यंतचा दोन मिनिटांचा रस्ता चालून येताना ते आताशा कुठं गप्पा मारायला थांबत नसत.

पुढच्या शिक्षणासाठी ती पुन्हा ताइनानला गेली, यावेळी काही वर्षांसाठी. मामा निवृत्त झाले. रविवारी तिचा फोन येतो. परवा मी तिथंच बसले होते. ती तिकडं वरण करत होती आणि कसं करतेय ते सांगत होती. बोलता बोलता अडखळली. "बाबा, ते... तेल गरम करून जिरं टाकते ना, वरून ओतते... हिंदी नका सांगू, मले मराठीच पायजे."

मामी फोनकडे वाकून शब्द सांगणारच होती. मामांनी हात आडवा धरला. "सांगू नको," ते हळू आवाजात म्हणाले. मामांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. "तिचा तिले सापडू दे."

पलीकडं तेल तापल्याचा आवाज येत होता. मामा फोन कानाशी धरून, डोळे मिटून, वाट बघत बसले होते.