परत पाठवलेला ज्ञानोबा

जिंतूरच्या स्टँडवरून मी आणि ज्ञानोबा एकाच गाडीनं आखातात जायला निघालो, पण निरोप द्यायला आलेली माणसं दोन ठिकाणी उभी होती. ज्ञानोबाचे भाऊबंद लिंबाखाली, माझी माय आणि वस्तीतली माणसं लांब भिंतीकडेला. गाव एकच, येलदरीकडचं. तो वरच्या आळीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, ट्रक चालवणारा. मी वस्तीतला पहिला बी.ए. मला तिथवर आणणाऱ्या गुरुजींचं आणि वसतिगृहाचं ऋण मी जन्मभर मानीन. माय एवढंच म्हणाली, "शिकलायस. आता कुणापुढं वाकू नको."

तिथं कामगारांच्या कॅम्पमध्ये आम्हाला एकच खोली मिळाली. ज्याच्या ओसरीवर मी कधी चढलो नव्हतो, त्याच्यासोबत एका परातीत जेवू लागलो.

इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा करताना रक्त तपासत. एका वर्षी ज्ञानोबाच्या रक्तात एड्सचा विषाणू निघाला. त्याला थेट विमानात बसवलं. औषध नाही, धीराचा शब्द नाही.

मग मी रेडिओला कान लावून बसू लागलो. अमेरिकेनं असल्या परदेशी माणसाला दार बंद केलं. क्यूबानं रुग्ण वेगळ्या वसाहतीत ठेवले. आपल्याकडे परदेशी विद्यार्थ्यांचं रक्त तपासलं. ब्रिटननं मात्र घरोघरी माहितीपत्रक पोचवलं, युगांडात खुद्द राष्ट्राध्यक्ष उघड बोलू लागले. बाकीचे आजाराशी लढत होते की आजाऱ्याशी, मला कळेना.

सुट्टीत गावी आलो, मायला घेऊन त्याच्या घरी गेलो, तर ज्ञानोबा गोठ्यात. त्याचा थोरला भाऊ लांबून, वरून भाकर टाकत होता. त्याच दारात माझ्या मायला अशीच भाकर मिळायची. मी बोलणार, तोच माय पुढं झाली.

"दादा, हे काय करायलाव?"

"लागट रोग हाय, गंगे. तू लांब हो."

"आमी पिढ्यान् पिढ्या लांबच हाव की. आमाला कोणता रोग होता?" असं म्हणून तिनं ज्ञानोबाचा हात धरला. "चल रे घरी. जेव."

"तुझ्या हातचं खाऊन बाटंल त्यो!"

"तुमीच टाकलाव त्याला. आता बाटायचं काय राहिलं?"

ज्ञानोबा खुदकन हसला. "दादा, तिकडं मी गंगाकाकूच्या पोरासंगच जेवायचो. एका परातीत."

ज्ञानोबा मायमागं वस्तीकडं चालू लागला.

वस्तीतही कुरकुर झाली. सोबत बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग होत नाही, हे मी दारोदार सांगितलं. काहींनी ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना मायनं ऐकवलं.

मी पुन्हा इथं आखातात कामावर आलोय. पोट आहे, यंदाही इकाम्यासाठी रक्त तपासायला देईन. पण गावात राहिलेल्यांनो, बाहेर पडलेल्यांनो, माझं घर कुठलं ते सांगून ठेवतो. देशच्या देशांना जड झालेला तो माणूस आमच्या दोन खोल्यांत राहतो, खोकतो, भाकर कडक झाली म्हणून मायवर लय चिडतो. त्याला तिथून कुणी हलवून दाखवावं.