कोल्हापुरात दौलत दोनदा मरायचा

प्रयोगाची नवी तारीख कळली तसा मी पहिला फोन बसूअण्णांना लावला. पावसानं रद्द झालेलं ‘गोल भिंत’ पुन्हा लागलं होतं आणि ही बातमी त्यांना माझ्या आधी दुसऱ्या कुणी सांगितलेली मला खपली नसती. फोन उचलल्याबरोबर ‘हॅलो’सुद्धा न म्हणता मी ओरडलो, “अण्णा, लागलं वो नाटक! येत्या रविवारी!” पलीकडं कुणी बोलेना. मला वाटलं, रेंज गेली. मग वैनींचा आवाज आला. “भावजी… अण्णा गेले तुमचे. पहाटं छातीत कळ आली. गाडीत घालेपर्यंत…” नाटकाची बातमी मात्र सांगून झाली होती. ती आता परत कशी घेणार?

मी गारगोटीला शाळेत मास्तर. तिथून एसटीनं कोल्हापूर गाठेपर्यंत दुपार कलली. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात. अण्णांनाही ओसरीवर पाटावर बसवलं होतं, पाठीशी लोड, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मी दारात थबकलो. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, आता हे मान वळवणार आणि नेहमीचं ठेवणीतलं वाक्य टाकणार : “आलासा मास्तर? अर्धं नाटक झालं की वो!” कारण मी आयुष्यभर उशिराच पोचलो. गारगोटीची गाडी कधी वेळेवर सुटली नाही आणि माझ्यासाठी जागा धरून बसायचं काम अण्णांनी कधी सोडलं नाही. नाट्यगृहात तिकिटावर खुर्चीचा नंबर असतो, जागा धरायची गरजच नसते. तरी हे आपला निळ्या चौकड्यांचा टॉवेल शेजारच्या खुर्चीवर टाकणार, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. “अण्णा, नंबर हाय की त्याला,” म्हटलं तर म्हणायचे, “नंबराला काय चाटायचंय? बसणारा बसतोय. टॉवेल बघितला की मानूस इचारतोय तरी.”

आमची ओळख झाली ती भांडणातून. ‘गोल भिंत’ कोल्हापुरात पहिल्यांदा आलं तेव्हाची गोष्ट. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : जत्रेतल्या मौत के कुएँची ही कथा. लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारी राणी आणि त्या विहिरीचा मालक दौलत. तबला-पेटीला फाटा, स्टेजवरच गिटारी, ड्रम आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. सगळं नाट्यगृह काळ्या टी-शर्टांतल्या कॉलेजच्या पोरांनी भरलेलं आणि त्यांच्या मधोमध, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, एक जाडजूड गृहस्थ, पांढरा शर्ट, पांढरी विजार, कपाळाला विभूती. मला वाटलं, हा माणूस कीर्तनाला म्हणून आला आणि चुकून इथं शिरला. दौलत नाटकभर गात नाही. सगळे गातात, तो नुसता माइकवर ओरडून गिऱ्हाईक बोलावतो. गर्दी वाढावी म्हणून राणीला हात सोडून गाडी मारायला लावतो. शेवटी ती त्याला सोडून जाते. मोडायला आलेली विहीर दौलतच्या अंगावर पडते आणि मरता मरता तो त्याचं एकुलतं एक गाणं गातो. गिटारी हळूहळू थांबतात, नुसता त्याचा फाटका आवाज उरतो, मग तोही जातो. नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता… आणि शेजारून तोफ सुटावी तसा आवाज आला : “वन्स मोऽऽअर!”

मी म्हटलं, ह्या माणसाला आता लोक उचलून बाहेर टाकणार. पण हे कोल्हापूर! मागून दुसरा ओरडला, तिसरा ओरडला, बघता बघता सगळं नाट्यगृह उठलं. स्टेजवरच्या मढ्यानं एक डोळा उघडला. विंगेकडं बघितलं. ड्रमवाल्याला काही सुचेना, त्यानं उगीच एक ठोका दिला. मग दौलत उठला, शर्ट झटकला, गाणं पहिल्यापासून म्हटलं आणि पुन्हा मेला. दुसऱ्यांदा तर जास्तच बेतशीर पडला. दिग्दर्शक म्हणे आत डोक्याला हात लावून बसला होता. पुढं तो नट मुलाखतींतून सांगायचा, “बाकी महाराष्ट्रात मी एकदा मरतो, कोल्हापुरात दोनदा.”

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्यांना गाठलंच. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, “ओ पावणं, काय लाजलज्जा? मेलेल्या माणसाला गायला लावता?” त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि शांतपणे म्हणाले, “मग काय करायचं? जित्तेपनी त्याला कुनी गा म्हटलं न्हाई. मेल्यावर तरी म्हनू दे की बिचाऱ्याला.” मी म्हटलं, बिचारा कसला, पोरीच्या जिवावर उठलेला माणूस तो! ते म्हणाले, पोट कुनाला सुटलंय? झालं… त्या गाड्यावर आमचा जो वाद पेटला तो पुढं कितीतरी वर्षं विझला नाही. ते दौलतचे वकील, मी राणीचा.

‘गोल भिंत’ कोल्हापूर-सांगलीकडं आलं की आम्ही जायचोच. अण्णांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, खिळे, पत्रे, नळाचं साहित्य. प्रयोगाच्या दिवशी शटर लवकर खाली. वैनी म्हणायच्या, “लेकीच्या बारशाला दुकान बंद केलं न्हाई ह्यांनी, आनि त्या ढणढणाटाला करत्यात!” प्रयोग संपला की गाड्यावर आमची पंचायत बसायची. काळ्या टी-शर्टातली पोरंही हळूहळू येऊन मिळाली. त्यातली ऐश्वर्या म्हणून एक तिखट पोरगी, तिनं फोनवर आमचा ग्रुपही काढला. भांडायला विषय किती! दौलत मरता मरता गात असतो तेव्हा राणी परत येते आणि बाहीनं तोंड पुसते, ते अश्रू की गाडीचं ऑइल? पहिली नटी ते असं काही पुसायची की दोन्ही वाटावं. मी म्हणायचो ऑइल, तिनं दौलतला माफ केलेलं नाही. अण्णा म्हणायचे, “यप्पा! मास्तर, तुमी पोरास्नी गनितच शिकवा. बाईचं रडनं वळखायचं काम तुमचं न्हवं.” ऐश्वर्याचं तिसरंच : तिला घाम आलाय, गाडी चालवून बघा एकदा. मधे दौलतचा नट बदलला. नवा पोरगा देखणा, गळा तयार, प्रत्येक सूर जागच्या जागी. आम्ही सगळे खूश. अण्णा एकटे फुरंगटून बसले. “ग्वाड गातोय, माझं काय म्हननं न्हाई. पर आयुष्यभर जत्रंत बोंबलल्यालं नरडं असं गात असतंय व्हय? घसा बसला पायजे. सूर लागू नये त्याला. लागायला जाताना दिसू दे नुसता.” एवढं बोलून त्यांनी ग्लासातला चहा एका दमात संपवला. दिवसभर दुकानात दर सांगून सांगून त्यांचा स्वतःचा घसा कायम बसलेला असायचा, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्या दुकानात मी किती वेळा बसलो असेन. खिळे तोलताना ते गुणगुणायचे. दौलतचंच गाणं, सगळं पाठ, अगदी दबक्या आवाजात. गिऱ्हाईक आलं की थांबायचे. एकदा सहज बोलून गेले, तरुणपणी गावाकडं भजनात पुढं असायचे, मग वडिलांनी कोल्हापुरात दुकान टाकलं, गल्ल्यावर बसवलं. “मग?” मी विचारलं. “मग काय? बसलो,” म्हणाले आणि पत्रा मोजायला उठले. मी लगेच राणीवरून वाद काढला. आता वाटतं, अरे शहाण्या, त्या वेळी तोंडातून एक शब्द काढायचा होतास! “अण्णा, शटर ओढा अर्धं, आणि गा.” एवढंच. दौलतला जित्तेपणी कुणी गा म्हटलं नाही म्हणून हा माणूस जीव तोडून भांडत होता, आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून त्याचा चहा पीत होतो. आम्ही कुणीच म्हटलं नाही. वैनींनी नाही, पोरांनी नाही, पंचायतीनं नाही. सगळ्यांना त्यांचं ओरडणं तेवढं ठाऊक होतं. त्यांचा गाता आवाज कसा होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. याची चुटपुट मला झोपू देत नाही.

शेवटची भेट त्या रद्द झालेल्या प्रयोगाची. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले, नदी फुगलेली, रस्त्यावर पाणी. नाटकाचा ट्रक विहिरीचा सांगाडा घेऊन वाटेतच अडकला. एसटीचा भरवसा नव्हता म्हणून त्या दिवशी मी गारगोटीहून स्कूटर आणली होती. आम्ही दोघं तिच्यावरून भिजत नाट्यगृहापर्यंत गेलो तर दाराला कुलूप आणि बोर्डावर खडूनं ‘प्रयोग रद्द’. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. पहिला नट परत यायचा होता त्या दिवशी, खास कोल्हापूरसाठी. शेडखाली उभं राहून आम्ही गरम भजी खाल्ली. मला चिडवावं तसं ते म्हणाले, “मास्तर, इतकी वर्सं झाली. येकदा तरी माझ्यासंगं वन्स मोअर म्हना की वो. न्हाई म्हनू नका.” मी म्हटलं, मेलेल्या माणसाला वन्स मोअर द्यायचा नसतो. “बरं, पुढच्या बारीला?” मी हसून म्हटलं, “बघू, पुढच्या बारीला.” त्यांनी माझ्या हातावर टाळी मारली. “बघा हां, शबूद दिलायसा!” मग टॉवेलनं स्कूटरची सीट पुसली आणि टॉवेल माझ्या डिकीत टाकून मागं बसले. त्यांना घरी सोडलं. टॉवेल द्यायचा राहिला.

नवी तारीख आली ती अण्णा गेल्या दिवशीच, हे वर सांगितलंच. त्या रविवारी जायचं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. वैनीच म्हणाल्या, “जावा भावजी. न्हाई गेलासा तर तेच रागवतील.” मी नेहमीच्या दोन खुर्च्यांची तिकिटं काढली. आदल्या दिवशीच गारगोटीहून येऊन राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोचलो. शेजारच्या खुर्चीवर टॉवेल अंथरला. अजून ओलसर वास होता त्याला… नाट्यगृह गच्च भरलं. कोडोलीकडचा एक शेतकरी गडी जागा शोधत आला. त्याचं तिकीट मागच्या रांगेतलं, पण इथं मोकळं दिसलं. “पावणं, हितं कोन हाय काय?” मी म्हटलं, “हाय.” तो मागं जाऊन बसला.

पहिला नट आला नव्हता. त्याची तारीख जुळली नाही, तोच देखणा पोरगा उभा राहिला. पडद्याआधी सूचनाही झाली : कृपया वन्स मोअर देऊ नये, नाटकाचा परिणाम बिघडतो. ही माझीच बाजू! इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी बाजू घेतली होती आणि ते ऐकवायला शेजारी अण्णा नव्हते. दौलतच्या अंगावर विहीर पडली. त्यानं गाणं म्हटलं. गिटारी थांबल्या, आवाज थांबला, तीच ती शांतता पसरली. मी वाट बघत बसलो. आणि मग उभा राहिलो. आयुष्यभर वर्गात पोरांना गप्प बसवलेलं माझं नरडं… ओरडताना मधेच फाटलं. “वन्स मोअर!” लोक वळून बघायला लागले. बाल्कनीतून ऐश्वर्याचा आवाज आला, मग पोरांचा, मग सगळ्यांचा. पोरगा पडून होता. त्याची छाती वरखाली होताना मला स्वच्छ दिसत होती. तो उठला नाही. दिवे हळूहळू मंद झाले आणि अंधार झाला. त्याचं काही चुकलं नाही. मी खाली बसलो आणि टॉवेल तोंडावर धरून रडलो.

दिवे लागल्यावर लोक निघाले. मागचा तो कोडोलीचा गडी जाता जाता माझ्यापाशी थांबला, मोकळ्या खुर्चीकडं बघून म्हणाला, “तुमचं मानूस आलंच न्हाई की वो पावणं. उगंच जागा धरलीसा.”

मी टॉवेलाची घडी घातली. म्हटलं, “आलतं की. मघाशी वन्स मोअर म्हनून ओरडलं, ते कोन हुतं मग?”