नाव दोनदा म्हणून बघणारे रेफरी

आमच्या रविवारच्या रग्बीला येणारे एक रेफरी सामन्याआधी प्रत्येकीला नाव विचारतात आणि ते बरोबर येईपर्यंत स्वतः म्हणून बघतात. लखनौत माझं आडनाव न मोडता उच्चारणारे, घराबाहेरचे, तेवढेच. बाकी ते फारसं बोलत नाहीत. चहाही गोलपोस्टपाशी एकटेच उभे राहून पितात.

गेल्या महिन्यात आमच्या कॅप्टनने टॅकलनंतर समोरच्या संघातल्या मणिपुरी मुलीला ‘चिंकी’ म्हटलं. मुलीने तक्रार केली. हे रेफरी लांब होते, त्यांनी ऐकलं नव्हतं.

“मज़ाक था, सर,” आमच्या मुली म्हणाल्या.

“तो वो भी लिख लेता हूँ,” म्हणत ते गवतावर बसले. बाकीचे रेफरी अहवालात ‘अपशब्द’ लिहून मोकळे होतात. यांनी त्या मुलीला विचारून तोच शब्द लिहिला, तिला वाचून दाखवला. साक्षीदाराशिवाय तक्रार पुढे जात नाही, म्हणून मग माझ्याकडे वळले.

“बेटा, सबसे पास आप थीं.”

मी दोन हातांवर होते. पण मला स्कूटीवरून मानक नगरला घरी सोडणारी, या शहरातली माझी एकुलती एक मैत्रीण म्हणजे कॅप्टनच.

“ठीक से सुना नहीं, सर.”

ते रागावले नाहीत. त्यांनी तेवढंच लिहिलं आणि सगळ्यांचं वाचतात तसं मोठ्याने वाचलं. आधी माझं पूर्ण नाव, मग माझं वाक्य. ती मुलगी ऐकत होती.

नाव त्यांनी अगदी बरोबर उच्चारलं.