दुरुस्त केलेलं मत

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसणं तिला जमत नाही. चहा ती उभ्याने पिते, वर्तमानपत्र फेऱ्या मारत वाचते. हातात पेन असलं की ते समोरच्या कागदावर चालवायचंच. एकदा एकांनी लग्नपत्रिका दिली, तर त्यांच्यासमोरच तिने ती सुधारली. मी निवृत्त झालो, तिची नोकरी अजून चालू आहे. नववीला भाषा शिकवते.

यंदा नववीला एक कादंबरी होती. त्यात आई थोरल्या मुलीला शाळेतून काढून कामाला लावते आणि धाकटीला शिकवते. वर्गात चर्चा घेतली की नेहमीचेच चार हात वर व्हायचे. म्हणून तिने संगणकाच्या सरांकडून वर्गाचा ब्लॉग करून घेतला. एक प्रकरण वाचून झालं की ती त्यावर प्रश्न टाकायची आणि मुलांनी आपापल्या नावाने खाली मत लिहायचं.

हा सारा खटाटोप खरं तर एकीसाठी होता. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला वर्ग ‘सायलेंट’ म्हणायचा. प्रश्न विचारला की उभी राहायची, बाकाकडे बघायची, बसायची.

“ही पोर वर्षभरात एकदाही बोलली नाही तर मी काय शिकवलं, दादा?” बहीण म्हणायची.

पहिला प्रश्न होता, आई चुकली का? मी भाजी चिरत होतो, तेवढ्यात ही लॅपटॉप घेऊन धावत आली. सायलेंटने लिहिलं होतं. सगळे म्हणतात आई चुकली, पण मला वाटतं तिला थोरली नकोशी होती, घरात असं असतं, फक्त कोणी बोलत नाही. बहिणीने ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग लॅपटॉप ओट्यावर ठेवून ती कामाला लागली.

कोणी वेडंवाकडं लिहिलं तर काढता यावं म्हणून सरांनी तिला सगळ्यांच्या मजकुरात बदल करण्याची सोय दिली होती. ती सोय तिने वह्या तपासल्यासारखी वापरली. प्रत्येकाचं लिखाण नीटनेटकं केलं. वहीत निदान लाल शाई दिसते. इथे कुणाचा हात फिरला ते कळायला मार्गच नव्हता. ‘नकोशी होती’ तिला फार कडू वाटलं. त्या जागी तिने ‘आईचा नाइलाज झाला असावा’ असं घातलं.

दुसऱ्या प्रश्नाखाली कोणीच लिहिलं नाही. बहिणीला घर पुरेना. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना, दार उघडता उघडता ती ब्लॉग बघायची. मी म्हटलं, “अंडं आहे का ते? उबवून काही बाहेर पडणार नाही.” ती माझ्यावर खेकसली आणि पुन्हा बघायला गेली.

शेवटी तिने वर्गाला आळशी ठरवलं. तेव्हा वर्गाची मॉनिटर, जिभेला हाड नसलेली पोरगी, म्हणाली, “बाई, आमची मतं तुम्हीच लिहिता, मग खाली आमची नावं कशाला?”

वर्ग हसला. सायलेंट हसली नाही.

बहीण घरी आली ती चपला न काढताच मला हे सांगत सुटली. जुना मजकूर राहत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. तिला आशय आठवत होता, शब्द जसेच्या तसे जुळत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने व्हरांड्यात त्या मुलीला गाठलं आणि तू काय लिहिलं होतंस ते परत सांग म्हणून अजिजी केली.

मुलगी म्हणाली, “राहू दे बाई. तुमचं छान आहे.”

त्या संध्याकाळी बहीण जेवली नाही. तिने ब्लॉगवर स्वतःच्या नावाने लिहिलं की वरची मतं मी बदलली आहेत, तसं करायला नको होतं, ती मी काढून टाकते आहे. मग सरांना सांगितलं, ती सोय काढून घ्या. सर हसून म्हणाले, “मग शिव्या आल्या तर?”

“वाचीन,” ही म्हणाली.

काही दिवस शुकशुकाट होता. हिची घालमेल बघून मीच चोरून ब्लॉग उघडायला लागलो. मग एका सकाळी बहिणीच्या मजकुराखाली सायलेंटने लिहिलेलं दिसलं.

“बाई, तेव्हाचं मी परत लिहिणार नाही. पण पुढे धाकटी थोरलीला धडा वाचून दाखवते, ते मला खोटं वाटलं. थोरलीला वाचता येत होतं. तिला शाळेतून काढलं, तिची अक्षरं नाही काढून घेतली.”

त्याखाली मॉनिटरने लिहिलं होतं की धाकटी बिचारी प्रेमानेच वाचत होती. मग आणखी तिघांनी. बहिणीने नुसतं वाचलं, ओठ चावत.

त्या दिवशी शाळेतून आली तेव्हा ती अजून धापा टाकत होती. मॉनिटरने वर्गातही धाकटीची बाजू तावातावाने मांडली, आणि शेवटच्या बाकावरून, उभं न राहता, आवाज आला होता, “प्रेमाने काय, तिने थोरलीला एकदा विचारायचं तरी, तू वाचतेस का म्हणून.”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“काही नाही. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. दोघी भांडत होत्या ना.”